एस्टोनिया २००७ : हॅक्टिव्हिझम आणि सायबरयुद्ध

२७ एप्रिल २००७ रोजी एस्टोनिया सरकारने टॅलिनच्या मध्यभागातील सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा हलविला. रशियन भाषिकांत क्षोभ उसळला आणि संसद, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले. असंख्य संगणकांवरून एकाच वेळी निरर्थक विनंत्या पाठवून सर्व्हर ठप्प करण्याची ही पद्धत होती. तिच्या सूचना रशियन भाषेत उघडपणे फिरत असल्याने सामान्य नागरिकही त्यात सामील झाले. राजकीय हेतूने केलेल्या अशा हॅकिंगला ‘हॅक्टिव्हिझम’ म्हणतात. परंतु येथे निषेध कोठे संपला व युद्ध कोठे सुरू झाले, हे ठरविणे कठीण आहे. ही संदिग्धता राज्यसंस्थेला सोयीचीच असते. रशियाने आपला संबंध नाकारला. नाटोचे सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम लागू झाले नाही. २००८ मध्ये एका विद्यार्थ्यास दंड झाला, एवढेच.