नकाशातला पट्टा आणि आपलं परस

मृग जवळ आला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकच प्रश्न निघतो : यंदा परसात काय लावायचं? कृषी खात्याच्या पुस्तिकेत आपल्या विभागासाठी शिफारस असते. हे विभाग आले कुठून?

अमेरिकेत 1927 साली आल्फ्रेड रेडर यांनी थंडीनुसार झाडांचे पट्टे पाडले. 1960 साली तिथल्या शेती खात्याने आपला नकाशा काढला. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा किती उतरतो, त्याची सरासरी, एवढाच त्याचा पाया. जिथे झाड गारठून मरतं, तिथे तो उपयोगी. महाड-पोलादपुरात थंडीने झाड मरत नाही. आषाढात मुळं कुजतात आणि चैत्रात पाण्यावाचून रोप वाळतं.

म्हणून आपल्याकडे पाऊस, माती आणि पिकं पाहिली गेली. 1979 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात महाराष्ट्राचे नऊ विभाग झाले. रायगड उत्तर कोकणात : अतिपाऊस, जांभा नसलेली जमीन. रत्नागिरी दक्षिण कोकणात : अतिपाऊस, जांभ्याची जमीन. कोणतं वाण घ्यावं, पेरणी कधी करावी, याला हे विभाग फार कामाचे.

पण कशेडी घाटात जिल्ह्याची पाटी बदलते, म्हणून तिथे लगेच माती बदलत नाही. एकाच गावात खालच्या खाचरात भात होतो, वरच्या वरकसात नाचणी आणि वरी.

आणि सरासरी एका दिवसाचा पाऊस सांगत नाही. 22 जुलै 2021 ला तळीयेत दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. दरडीनंतर ज्यांना घर दुसरीकडे करावं लागतं, त्या बाया नकाशाच्या लेखी हलतच नाहीत. विभाग तोच राहतो. पण अळू कुठे फोफावतं, हळद कुठे कुजते, हे सासूकडून सुनेला मिळालेलं ज्ञान जुन्या परसाचं असतं. नव्या जागी ते पहिल्यापासून जमवावं लागतं.

म्हणून आम्ही गटात सांगतो : वाण पुस्तिकेतून निवडा, जागा मात्र स्वतः पाहा. हातभर खड्डा खणून पाण्याने भरा. सकाळीही पाणी तसंच असेल, तर तिथे हळद नको, अळू लावा. आधी दोनच रोपं लावा, आणि काय जगलं ते वहीत लिहून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या बायांनाही विचारा, आणि त्या सांगतील तेही त्याच वहीत उतरवा.