खळीतला ओलावा

23 जून 2018 पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली आणि ‘मक्याच्या स्टार्चची, मातीत मिसळणारी पिशवी’ हे शब्द वर्ध्याला खेटून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेतही ऐकू येऊ लागले. मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण स्टार्चचा पातळ पापुद्रा न मोडता वाकवायचा कसा, हा या पिशवीमागचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. आपल्या कापसाच्या मुलखात तो फार जुना आहे.

मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा, विणताना फणीवर सतत घासतो. तो तुटू नये म्हणून विणकर, मग तो कोष्टी असो की मोमीन, त्याला तांदळाची किंवा अन्य धान्याची खळ लावतो. वाळलेली खळ म्हणजे धाग्याभोवतीचा स्टार्चचा पापुद्राच. साबुदाण्याची वाळलेली पापडी कशी कडकन मोडते, तसाच तोही तडकतो. म्हणून खळीत थोडे तेल घालीत. खरा मऊपणा मात्र देई ती हवेतली ओल. खड्ड्यातल्या मागाला ती जमिनीतून मिळे. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा टिकावा म्हणून तिथे पुढे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवावी लागली.

या मऊपणाचा अतिरेकही इतिहासाने पाहिला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचा दुष्काळ पडला. हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत मागणी आली. त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्यांत कमी सुताच्या कापडाला भरमसाट खळ चढवून वजन वाढवण्याची चाल बोकाळली. खळीत चरबी, चिनी माती आणि हवेतले पाणी ओढणारे मॅग्नेशियम क्लोराईड असे. कापड हाताला भरदार लागे. पण ओल जास्त झाली की हिंदुस्थानात उतरेपर्यंत गाठींना बुरशी धरलेली असे.

आता पिशवीकडे वळू. स्टार्चच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसतात, म्हणून नुसत्या स्टार्चचा पापुद्रा ठिसूळ. त्यात ग्लिसरीन घातले, की त्याचे लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, पकड सैल करतात आणि पापुद्रा वाकू, ताणू लागतो. अशा पदार्थाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. साधारणपणे 100 भाग स्टार्चला 20 ते 40 भाग ग्लिसरीन लागते.

पण याची किंमत मोजावी लागते. लवचीकपणा वाढला की ताकद घटते आणि पापुद्र्यातून बाष्प अधिक आरपार जाते. ग्लिसरीन फार झाले तर ते बाहेर पाझरते, पापुद्रा चिकट होतो. सॉर्बिटॉल वापरले तर ओल कमी शोषली जाते, पण लवचीकपणाही कमी मिळतो. शिवाय पाणी स्वतःच प्लॅस्टिसायझर आहे. त्यामुळे एकच पापुद्रा मे महिन्यात कडक आणि जुलैत लिबलिबीत होऊ शकतो. दिवस गेले की साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि शिळ्या भाकरीसारखा तो ताठरतो.

म्हणूनच बाजारातली ‘स्टार्चची’ पिशवी बहुधा निव्वळ स्टार्चची नसते. तिच्यात विघटनशील पॉलिएस्टर मिसळलेले असते. अशी पिशवी पुरती कुजायला बहुधा खतप्रकल्पातली ऊब, ओल आणि जिवाणू लागतात. नालीत फेकली तर ती बराच काळ नाली तुंबवू शकते. पिशवीवर छापलेले हिरवे पान पाहून आपण निर्धास्त होतो, धोका तिथे आहे. गाठीचे वजन पाहून कापड घेणारा गिऱ्हाईकही असाच निर्धास्त होता.

1938 साली गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखे, माग आणि ग्रामोद्योगाची अवजारे तिथे पाहायला मिळतात. मागावरच्या खळीचे काम विणाई संपेपर्यंतच असते. पहिल्या धुण्यात ती निघून जाते आणि उरलेल्या कापडाची पिशवी वर्षानुवर्षे बाजार करते. स्टार्चचे शास्त्र पुढे जावे, जरूर जावे. तोवर दाराच्या खुंटीवरची कापडी पिशवी काढू नये.