छडी आणि ढोलकी

परवा नातीच्या गॅदरिंगला बीडला गेलो होतो. मुलींचा नाच रंगात आला आणि गाणे मध्येच अडकले. मुली हात वर करून तशाच उभ्या. गाणे पुन्हा सुरू झाले, पण दोन ओळी पुढून! बिचाऱ्यांची धांदल उडाली. यंत्र कुणासाठी थांबत नाही.

मला उदय शंकर आठवले. १९२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ॲना पावलोवाबरोबर ते 'राधा-कृष्ण' नाचले, तेव्हा साथीला पाश्चात्य वाद्यवृंद होता. पुढे स्वतःचा संच घेऊन ते १९३१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आले, तेव्हा वाद्ये मात्र आपली होती. वादकांत तिमिर बरन आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराली होते. शाळकरी वयाचे रविशंकरही त्याच संचात नाचत. १९४८ च्या 'कल्पना' चित्रपटाचे संगीतही शिरालींचेच. नाचणारा आणि वाजवणारे एकाच मंचावर, एकमेकांकडे बघत. थोरवी होती ती यात.

मंडळी, हे बघायला पॅरिसला जायची गरज नव्हती. बिंदुसरेच्या धरणाजवळच्या आमच्या पालीच्या आसपास जत्रेत तमाशा यायचा. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज एवढाच वाद्यवृंद. समोर कागद नाही. ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवर. तिने गिरकी लांबवली की तो थांबे, आणि तिचा पाय पडताच नेमकी थाप देई.

आता कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात हलगी वाजवणाऱ्याचा मुलगा होता. रात्रभर तमाशा पाहून तो सकाळी वर्गात आला आणि बाकावर बोटांनी ठेका धरू लागला. मी त्याला छडी मारली. वर सगळ्यांदेखत म्हणालो, "बापासारखा हलगीच बडवणार का रे?" त्याने बोटे मुठीत घेतली. वर्षभर पुन्हा ठेका ऐकू आला नाही.

मोठ्या रंगमंचावरच्या कलेबद्दल मी वर्गात आदराने बोलत असे. तीच कला बाकावर बसली होती, ती मला ओळखता आली नाही.

गॅदरिंगच्या मुलींना त्या दिवशी एखादा ढोलकीवाला हवा होता. तो त्यांच्यासाठी नक्की थांबला असता.

असो. नातीला तबल्याच्या क्लासला घालावे, असे सूनबाईंना सुचवले आहे. बघू या.