पहिली बाजू ऐका, मग भांडा

शुक्रवार, 13 फेब्रुवारी 1970. तुम्ही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात उभे आहात आणि सगळ्यात आधी नाकात शिरतो तो वास. एचपी सॉसच्या कारखान्यातली व्हिनेगरची आंबट वाफ आणि ॲन्सेल्सच्या ब्रुअरीतला शिजल्या धान्याचा उग्र दर्प. फाउंड्र्यांमधून पंजाबातले कामगार आहेत, त्यामुळे तुमचा चेहरा इथे कुणाला नवा नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच शहरात इनॉक पॉवेलने बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण ठोकलं होतं, तेव्हा बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहिली तर मनाला लावून घेऊ नका.

शहरातल्या एखाद्या रेकॉर्डच्या दुकानात शिरा. एलपीला जवळजवळ दोन पौंड पडतात. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब रुपये-आणे-पै वापरलेल्यांना जड जाणार नाही. काउंटरवर ब्लॅक सॅबथ या बँडची आजच आलेली पहिली रेकॉर्ड आहे. कव्हरवर जुनी पाणचक्की, रोगट गुलाबी उजेड आणि काळ्या वेशातली एक बाई तुमच्याकडे बघत उभी. छायाचित्रकार कीथ मॅकमिलनने ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅमला जाऊन इन्फ्रारेड फिल्मवर हे टिपलंय. कव्हर उघडलंत की आत उलटा क्रूस दिसतो. तो छापण्याआधी कंपनीने बँडला विचारलंही नव्हतं, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा जाब मात्र बँडलाच द्यावा लागला. दुकानदार रेकॉर्ड लावतो. व्हर्टिगो कंपनीच्या लेबलवरची काळी-पांढरी चक्री फिरायला लागते.

पाऊस. गडगडाट. लांबवर चर्चची घंटा. (हे सगळं निर्माता रॉजर बेनने नंतर चिकटवलेलं.) आणि मग गिटारचे तीन स्वर.

तुम्ही गाणं शिकला असाल तर हे तीन स्वर लगेच ओळखाल: खालचा सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम किती लाडात असतो! आजूबाजूला गंधार, पंचम, निषाद अशी घरची माणसं असतात. इथे तो एकटाच उघड्यावर उभा केलाय, वर गिटारवादक टोनी आयोमी त्याला थरथरवत ठेवतो. बँडचा बास वाजवणारा गीझर बटलर संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’चा चाहता होता, तिथून हे स्वरांतर डोक्यात आलं. मध्ययुगात चर्चने यावर बंदी घातली होती ही लोकप्रिय दंतकथा आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

आता रेकॉर्ड सोडा आणि भोवतालची माणसं बघा. ॲप्रनच्या खिशात हात घातलेला, नखांत ग्रीस असलेला एक पोरगा जागचा हलत नाही. त्याच्या शेजारी स्कार्फवाले गृहस्थ, ब्लूजचे जुने रसिक, एव्हाना कंटाळलेत.

‘‘याला गाणं म्हणायचं?’’ ते विचारतात. ‘‘ड्रमवाला झोपलाय का?’’

‘‘झोपला नाही, थांबलाय,’’ पोरगा म्हणतो. ‘‘आमचा प्रेस पण असाच थांबतो, मग आदळतो.’’

माझ्या मते या रेकॉर्डवर झालेली सगळी भांडणं या दोघांच्या संवादात आली. एकाने ब्लूजच्या फूटपट्टीने मोजलं, दुसऱ्याने कारखान्याच्या. त्या ‘प्रेस’मागे तर खरी गोष्ट आहे. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं आणि हलक्या तारा चढवल्या. पुढे तो तारा ढिल्या करून वाजवू लागला, त्यामुळे ‘हा जडपणा ढिल्या तारांचा’ असं अनेक श्रोते आजही ठामपणे सांगतात. या पहिल्या रेकॉर्डवर तारा नेहमीच्याच सुरात लावलेल्या आहेत.

जरा मागे चला. 16 ऑक्टोबर 1969, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. चार ट्रॅकचं यंत्र आणि जेमतेम बारा तास. चौघं जण क्लबात वाजवतात तसंच सलग वाजवताहेत. बिल वॉर्डच्या ड्रममध्ये जॅझचा झोका आहे, गायक ऑझी ऑस्बोर्न हार्मोनिका फुंकतोय. पहिल्याच गाण्यानंतर आयोमीची फेंडर गिटार बिघडते आणि तो गिब्सन एसजी उचलतो. पुढे जगभरच्या पोरांनी त्या गिटारला देव्हाऱ्यात बसवलं, पण ती हातात आली ती नाइलाज म्हणून.

आता सप्टेंबर 1970, अमेरिका. रोलिंग स्टोनमध्ये लेस्टर बँग्जचं परीक्षण आलंय: हे क्रीम बँडसारखंच आहे, फक्त त्याहून वाईट. न्यूयॉर्कचा रॉबर्ट क्रिस्टगाऊही नाक मुरडतो. यांना बहिरं ठरवण्याची आता फॅशन आहे. मी ठरवणार नाही. रेकॉर्ड उलटवा आणि ‘वॉर्निंग’ ऐका: दुसऱ्या बँडचं गाणं, त्यात आयोमीची गिटार वाट चुकल्यासारखी भटकत राहते. तेही कापून दहा मिनिटांवर आणलेलं! ‘ईव्हिल वुमन’ हीसुद्धा उसनवारीच. दुसऱ्या बाजूवर बसून निकाल द्यायचा असेल तर बँग्जचं बरोबर आहे. पण पहिल्या बाजूवर, पहिल्या सहा मिनिटांत, क्रीमशी काही नातं न उरलेलं संगीत वाजून गेलं होतं आणि ते त्याच्या कानावरून गेलं. बँग्ज मात्र प्रामाणिक गडी. 1972 मध्ये क्रीम नावाच्याच मासिकात त्याने याच बँडवर लांबलचक आणि गंभीरपणे लिहिलं.

परीक्षणं वाचून कुणी खरेदी थांबवली नाही. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड आठव्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत तेविसाव्या. ओहायोतल्या एखाद्या तळघरात डोकवा: पडदे ओढलेले, चार पोरं जमिनीवर आडवी, वरच्या मजल्यावर आई काळजीत. पोरं ‘एन. आय. बी.’ या नावाचा सैतानी अर्थ लावताहेत. बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची, त्या थट्टेतून ते नाव आलं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तरी पटणार नाही. आईलाही नाही. भक्त आणि विरोधक, दोघांनाही या चौघांमध्ये सैतान हवा होता. गाण्यातला सैतान मात्र प्रेमात पडून आणाभाका घेतोय, आणि पहिल्या गाण्यातला माणूस तर घाबरून देवाचा धावा करतोय.

5 जुलै 2025 रोजी ॲस्टनच्याच व्हिला पार्कवर चौघांनी शेवटची चार गाणी वाजवली. त्यांतलं या रेकॉर्डवरचं एकच: ‘एन. आय. बी.’. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

तुम्ही ही रेकॉर्ड ऐकायला घेणार असाल तर ब्रिटनमधल्या क्रमानेच ऐका, पहिली बाजू सलग आणि मोठ्या आवाजात. ‘वॉर्निंग’ मध्येच बंद केलंत तरी माझी हरकत नाही.