केंब्रिजला गेलो आणि चिंतामणराव आठवले

इंग्लंडहून परत आल्यापासून नवागाममध्ये जो भेटतो तो विचारतो, "भाऊ, लंडन कसं वाटलं?" लंडन तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलंय. म्हणून आज केंब्रिजचं सांगतो.

मुलगा लंडनला नोकरीला आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनवरून गाडी धरली की तासाभरात केंब्रिज. आपल्याला उधन्याहून नंदुरबारला जायला याहून जास्त वेळ लागतो! उतरलो तर हॉर्न नाही, आरडाओरड नाही, नुसत्या सायकलीच सायकली. कॅम नदी म्हणजे आपल्या तापीपुढे ओढाच. विद्यापीठ मात्र १२०९ सालापासूनचं.

मुलगा म्हणाला, "पप्पा, आधी ट्रिनिटीपाशी न्यूटनचं सफरचंदाचं झाड बघू." मी म्हटलं, "आधी जीझस कॉलेज."

कारण सांगतो. आमच्या वडिलांनी पेटीत एक जुनी दोन रुपयांची नोट जपून ठेवली होती. तिच्यावर सही, सी. डी. देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. मी बँकेच्या परीक्षेला बसलो तेव्हा वडिलांनी ती नोट हातात देऊन म्हटलं होतं, "हा पण आपलाच माणूस."

हे चिंतामणराव जीझस कॉलेजचे. १९१७ मध्ये त्यांनी ट्रायपॉस केली ती निसर्गविज्ञानात, आणि बक्षीस मिळवलं वनस्पतिशास्त्रात! पुढच्या वर्षी आयसीएसला पहिले. आम्ही बी.कॉम.ला ज्याचा लोकसंख्येचा सिद्धांत घोकला तो माल्थसही याच कॉलेजचा. कॉलेज १४९६ चं, आधी तिथे जोगिणींचा मठ होता. दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेने आत जायचं. त्या वाटेवर मी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, प्राचार्य झाले. जयंतराव नारळीकर १९५७ मध्ये इथे आले, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर संशोधन केलं, आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेत परतले. चिंतामणराव तर अर्थमंत्री झाले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिला.

नदीकाठच्या बाकावर बसून हे सगळं मुलाला सांगितलं. शेवटी न राहवून बोललोच, "बघ, सगळे परत आले."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, आजोबा धुळ्याहून सुरतेला आले. ते परत गेले का?"

मला उत्तर देता आलं नाही. वडील मिलच्या कामासाठी आले, दर दिवाळीला "पुढच्या वर्षी गावी जाऊ" म्हणायचे. नवागाममध्येच गेले. गावचं घर आता पडलंय. आम्ही मात्र इथेच गणपती बसवला, इथेच लग्नं लावली, घरात मराठी टिकवली.

परतीच्या गाडीत त्याला एवढंच म्हटलं, "येशील न येशील, नातवाशी मराठीत बोलत जा." त्या रात्री त्याने मुलाला मराठीत गोष्ट सांगितली. अडखळत सांगितली, पण सांगितली.

वडिलांची ती नोट पुढच्या खेपेला नातवासाठी घेऊन जाणार आहे.