शॉर्टकटवर क्लिक केल्यावर मागे राहणारी काळी विंडो : ती का थांबते आणि घालवायची कशी?

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं, प्रोग्राम उघडला आणि त्याच्या मागे एक काळी विंडो तशीच राहिली. आत एखाद-दुसरी इंग्रजी ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. 'कॉम्प्युटर हॅक झाला की काय?' ही पहिली शंका येतेच. बहुतेक वेळा तसं काही नसतं. पण फुलीवर क्लिक करून ती बंद करण्याआधी ती कशासाठी थांबली आहे, हे बघितलेलं बरं.

हे मी अनुभवातून सांगतेय. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगसाठी एका सहकाऱ्याने मला असा शॉर्टकट करून दिला होता. ऑडिओ एडिटर उघडायचा आणि काम संपवून तो बंद केला की रेकॉर्डिंगचं फोल्डर आपोआप दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी व्हायचं. मला ती काळी विंडो खटकायची, म्हणून मी ती रोज बंद करायचे. एडिटर चालूच राहायचा, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटलंच नाही. आठवड्याने एक मुलाखत शोधायला गेले, तर त्या ड्राइव्हवर सात दिवसांचं काहीच नव्हतं. कॉपीचं काम त्या काळ्या विंडोकडेच होतं.

नेमकं काय घडतं?

विंडोजमधले प्रोग्राम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. ब्राउझरसारखे, स्वतःची खिडकी आणि बटणं असलेले, आणि फक्त मजकुरावर चालणारे कन्सोल प्रोग्राम. कोणता प्रोग्राम कुठल्या प्रकारचा, याची खूण त्याच्या फाइलमध्येच असते. ती कन्सोलची असेल, तर विंडोज त्याच्यासाठी काळी विंडो उघडून देतं.

आपला शॉर्टकट अनेकदा थेट प्रोग्रामकडे जात नाही, तर एका बॅच फाइलकडे जातो. बॅच फाइल म्हणजे एकाखाली एक कमांड लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. ती वाचायचं काम 'सीएमडी' करतो आणि तो स्वतः कन्सोल प्रोग्राम आहे. गंमत म्हणजे, काळ्या विंडोत हाताने प्रोग्रामचं नाव टाइप केलं तर सीएमडी तो सुरू करून मोकळा होतो. तेच नाव बॅच फाइलमध्ये असेल, तर मात्र तो प्रोग्राम बंद होईपर्यंत पुढच्या ओळीवर जात नाही. म्हणून विंडो थांबून राहते.

घालवायची कशी?

आधी शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' बघा. तिथे सीएमडीच्या पुढे तिरपी रेघ आणि 'के' हे अक्षर असेल, तर विंडो मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. 'के'च्या जागी 'सी' केलं की काम संपल्यावर ती बंद होते. टार्गेट बॅच फाइल असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. शेवटी 'पॉज' लिहिलेलं असेल, तर विंडो तुम्ही बटण दाबण्याची वाट बघतेय.

यातलं काही नसेल, तर प्रोग्रामच्या ओळीआधी 'स्टार्ट' ही कमांड लिहा. क्रम असा : इंग्रजीत स्टार्ट, एक स्पेस, मग "" अशी रिकामी अवतरणचिन्हं, पुन्हा स्पेस आणि मग अवतरणचिन्हांत प्रोग्रामचा पूर्ण पत्ता. रिकामी चिन्हं विसरू नका. 'स्टार्ट' अवतरणचिन्हांतली पहिली गोष्ट विंडोचं शीर्षक समजतो, त्यामुळे ती गाळली तर प्रोग्राम उघडतच नाही आणि वर आणखी एक काळी विंडो समोर येते!

पण 'स्टार्ट' वाट बघत नाही. माझ्या शॉर्टकटमध्ये तो वापरला असता, तर रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच कॉपी उरकली असती. अशा वेळी 'प्रॉपर्टीज'मधल्या 'रन'मध्ये 'मिनिमाइज्ड' निवडा. विंडो खाली टास्कबारमध्ये राहते, पण डोळ्यांसमोर नसते. मी तेच केलंय.

पायथनच्या प्रोग्रामसाठी तर दुसरी सोयच आहे. पायथनच्या नावापुढे 'डब्ल्यू' असलेला जोडीदार त्याच्यासोबतच इन्स्टॉल होतो, तो काळी विंडो उघडत नाही. जावाचंही तसंच.

पूर्ण लपवता येते का?

येते. इंटरनेटवर सगळ्यात जास्त सापडणारा उपाय व्हीबीस्क्रिप्टचा आहे. त्यातल्या 'रन'ला शून्य दिलं की विंडो दिसतच नाही. पण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचं जाहीर केलंय, त्यामुळे आता नव्याने त्यावर विसंबू नका. पॉवरशेलमध्ये 'हिडन' पर्याय आहे, मात्र विंडो आधी उघडते आणि मग लपते, त्यामुळे क्षणभर चमकतेच. टास्क शेड्युलरमध्ये 'युजर लॉग-ऑन असो वा नसो' हा पर्याय निवडला तर काहीच दिसत नाही. अगदी तुमच्या प्रोग्रामची खिडकीसुद्धा नाही! म्हणून तो फक्त कॉपीसारख्या कामांसाठी.

विंडो लपवली की एररही लपते. ड्राइव्ह भरली, केबल निघाली, तरी कळत नाही. फाइल कॉपी करण्यासाठी 'रोबोकॉपी' वापरत असाल, तर त्याला लॉग फाइल लिहायला सांगता येतं. अधूनमधून ती उघडून बघा.

हीच युक्ती फसवणूक करणारेही वापरतात. झिप फाइलमध्ये पीडीएफचं चित्र लावलेला शॉर्टकट येतो, त्याच्या टार्गेटमध्ये पॉवरशेलची लांबलचक कमांड असते आणि ती लपून चालते. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू केली, तरी शॉर्टकटचं एक्स्टेन्शन दिसत नाही. आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण ही त्याची खूण. कुणी पाठवलेल्या 'बिला'वर असा बाण दिसला, तर डबल क्लिक न करता प्रॉपर्टीज उघडून टार्गेट वाचा.