मतपेटीच्या आधीची वाट : मोझांबिक १९९४

निवडणुकीच्या दिवशी आपल्या धर्मग्रामाच्या शाळेतच बहुधा मतदानकेंद्र असते. सकाळची मिस्सा आटोपून आपण रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी परततो. निकालानंतर कोण पडले, का पडले याची चर्चा चार दिवस रंगते. मात्र पडलेला उमेदवार रात्री रानात जाऊन पुरून ठेवलेल्या बंदुका उकरून काढील, अशी भीती आपल्या मनाला कधी शिवत नाही. ज्या देशात कालपर्यंत भाऊ भावावर गोळी झाडत होता, तेथे ही भीती प्रत्येक मतदाराबरोबर रांगेत उभी असते. अशा देशात निवडणूक घ्यायची ती केव्हा आणि कशी, हा प्रश्न आम्ही येथे मोझांबिकच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हा देश आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चालत असे. गोव्यातील येशूसंघीयांचे प्रांताधिपती फादर गोन्सालो दा सिल्व्हेरा १५६० साली तेथे सुवार्ता घेऊन गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना रक्तसाक्षीचे मरण आले. बार्देशात जन्मलेले विचारवंत आकिनो द ब्रागांझा मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्याचे सोबती झाले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी ज्या विमान अपघातात राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल गेले, त्यातच त्यांचाही अंत झाला.

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि फ्रेलिमो या एकाच पक्षाची मार्क्सवादी राजवट सुरू झाली. मिशनच्या शाळा व रुग्णालये सरकारजमा झाली, अनेक मिशनकेंद्रे बंद पडली. शेजारच्या गोऱ्या ऱ्होडेशियाने या सरकारला शह देण्यासाठी रेनामो ही बंडखोर संघटना पोसली. पुढे दक्षिण आफ्रिकेने तिला आसरा दिला. सक्तीने वसवलेली सामुदायिक गावे आणि गावप्रमुखांचा झालेला अपमान यांमुळे ग्रामीण भागातही असंतोष होताच. १९७७ ते १९९२ या काळात युद्ध, उपासमार आणि रोगराई यांनी सुमारे दहा लाख माणसे गिळली. पंधरा लाखांहून अधिक लोक शेजारी देशांच्या निर्वासित छावण्यांत गेले. शाळा जळल्या, पूल कोसळले, शेताच्या बांधावर सुरुंग पेरले गेले.

सरकार रेनामोचा उल्लेख ‘सशस्त्र डाकू’ असा करी. डाकूंशी बोलणी कसली, असा त्याचा सवाल असे. देशातील बिशपांनी मात्र आपल्या पत्रकांतून संवादाचा आग्रह सोडला नाही. बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस (हे आडनाव वसईच्या वाचकाला परके वाटणार नाही) १९८८ मध्ये जिवावर उदार होऊन रानातील तळावर गेले आणि रेनामोचे नेते आफोन्सु ध्लाकामा यांना भेटले. दोघांचीही मातृभाषा न्दाऊ. त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मोझांबिकला भेट देऊन समेटाचे आवाहन केले.

पुढची वाट रोमला गेली. १९६८ साली रोममधील विद्यार्थ्यांच्या एका गटातून उभ्या राहिलेल्या संत एजिदियो समुदायाच्या जुन्या मठात ८ जुलै १९९० रोजी दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. समुदायाचे संस्थापक आंद्रेआ रिक्कार्दी, तरुण धर्मगुरू मात्तेओ झुप्पी (हेच पुढे बोलोन्याचे आर्चबिशप व कार्डिनल झाले), आर्चबिशप गोन्साल्विस आणि इटालियन सरकारचे मारिओ राफाएल्ली हे चौघे मध्यस्थ होते. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, सत्ताही नव्हती. जे वेगळे करते ते बाजूला ठेवून जे जोडते त्याचा शोध घ्यावा, ही पोप तेविसावे जॉन यांची शिकवण रिक्कार्दी यांनी आरंभीच सर्वांपुढे ठेवली.

सव्वादोन वर्षे बोलणी चालली. ऑक्टोबर १९९१ मध्ये रेनामोने सरकारचे अस्तित्व मान्य केले आणि सरकारने रेनामोला भावी राजकीय पक्ष म्हणून मान्यता दिली. डाकूचा प्रतिस्पर्धी झाला. आमच्या मते निवडणुकीचे पहिले पाऊल त्या दिवशी पडले. मतपेटी यायला अजून तीन वर्षे होती. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष जुआकिम शिसानो व ध्लाकामा यांनी रोममध्ये शांतता करारावर सह्या केल्या.

त्याच आठवड्यात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अंगोलात, विपरीत घडत होते. अंगोलाही पूर्वीची पोर्तुगीज वसाहत आणि तेथेही गृहयुद्ध. २९ व ३० सप्टेंबर १९९२ ला तेथे मतदान झाले. लोक उत्साहाने आले. परंतु दोन्ही सैन्ये पुरती विसर्जित झाली नव्हती, नवे राष्ट्रीय सैन्य केवळ कागदावर होते आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक मूठभर होते. पहिल्या फेरीत दुश सांतुश यांना ४९.६ टक्के व जोनास साव्हिंबी यांना ४०.१ टक्के मते पडली. साव्हिंबींनी निकाल लबाडीचा ठरवला. त्यांचे सैनिक शस्त्रांसह शाबूत होते. दुसरी फेरी झालीच नाही. ऑक्टोबर संपता संपता राजधानी लुआंडाच्या रस्त्यांवर प्रेते पडली. ते युद्ध २००२ साली साव्हिंबी मारले गेल्यावरच थांबले. हरणाऱ्याच्या हाती फौज आणि जिंकणाऱ्याच्या हाती सगळे राज्य, अशा स्थितीत मतदान घेतले की काय होते, ते जगाने पाहिले.

मोझांबिकमध्ये हा धडा गिरवला गेला. करारानुसार एका वर्षात निवडणूक व्हायची होती; सैन्ये विसर्जित झाल्याखेरीज मतदान नाही असे ठरल्याने ती १९९४ च्या ऑक्टोबरवर गेली. संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो यांच्या हाताखाली सहा हजारांहून अधिक सैनिक आले. त्यांत भारतीय तुकड्याही होत्या. देशभर ४९ ठिकाणी दोन्हीकडच्या सैनिकांना एकत्र आणून शस्त्रे जमा केली गेली. पाऊण लाखाहून अधिक सैनिक घरी परतले. त्यांना दोन वर्षांचा निर्वाहभत्ता मिळाला, कारण रिकाम्या पोटाचा सैनिक बंदुकीकडे पुन्हा वळतो. निर्वासित आपापल्या गावी परतले. रानातून आलेल्या रेनामोला शहरात कचेरी नव्हती की पैसा नव्हता. तिला पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी देणगीदार राष्ट्रांचा खास निधी उभारला गेला. ही लाच नव्हे काय, असे काहींनी विचारले. आम्हाला वाटते, युद्धाच्या एका दिवसाचा खर्च मांडला तर उत्तर आपोआप मिळते.

सुमारे ६१ लाख मतदारांची नोंदणी झाली. मतदान २७ ऑक्टोबरला सुरू व्हायचे, तोच आदल्या दिवशी ध्लाकामा यांनी बहिष्कार पुकारला. अंगोलाची आठवण होऊन सर्वांच्या पोटात गोळा आला. पण लोक रांगांतून हलले नाहीत. शेजारी देशांनी व संयुक्त राष्ट्रसंघाने रात्रंदिवस समजूत घातली, तक्रारींची चौकशी करण्याचे वचन दिले आणि ध्लाकामा परत आले. मतदानाला तिसरा दिवस वाढवून देण्यात आला. सुमारे ८८ टक्के मतदारांनी मत दिले. शिसानो यांना ५३.३ टक्के, ध्लाकामा यांना ३३.७ टक्के मते मिळाली. संसदेच्या २५० जागांपैकी फ्रेलिमोला १२९, रेनामोला ११२ व एका लहान आघाडीला ९ जागा मिळाल्या. ध्लाकामा यांनी कुरकुरत का होईना, निकाल मानला. कालचे बंडखोर संसदेच्या बाकांवर जाऊन बसले.

कथा येथे संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. पाच प्रांतांत रेनामोला फ्रेलिमोपेक्षा अधिक जागा मिळाल्या होत्या, तरी तेथील राज्यपालही राष्ट्राध्यक्षांनीच नेमले, आणि ते फ्रेलिमोचे. १९९९ च्या निवडणुकीत ध्लाकामा थोडक्यात हरले आणि निकालावरचा विश्वास ढळला. २०१३ साली पुन्हा बंदुका वाजल्या. राज्यपाल लोकांनी निवडावेत ही मागणी प्रत्यक्षात उतरायला २०१९ उजाडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा करार झाला, सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन सलोख्याचे आवाहन केले. परंतु ऑक्टोबरच्या मतदानात दहाही प्रांत सत्ताधाऱ्यांकडे गेले आणि गैरप्रकारांच्या तक्रारी झाल्या. २०२४ च्या निवडणुकीनंतर तर निषेध करणाऱ्या शेकडो लोकांचे प्राण गेले.

म्हणून मोझांबिककडून आम्ही दोन गोष्टी शिकतो. शस्त्रे खाली ठेवल्यावाचून मतपेटी मांडू नये, ही पहिली. ती १९९४ ने सिद्ध केली. हरलेल्याला देशाच्या घरात मानाची जागा हवी, ही दुसरी. ती विसरल्याची किंमत पुढची तीस वर्षे गरिबांनी मोजली. समेट एका सणाच्या दिवशी सही करून पुरा होत नाही. आर्चबिशप गोन्साल्विस एकदा रानात गेले होते. ती पायवाट प्रत्येक निवडणुकीनंतर जिंकणाऱ्याने स्वतःहून चालायची असते. आपल्या गावच्या, सोसायटीच्या, पंचायतीच्या निवडणुकीनंतरही पडलेल्या उमेदवाराच्या दारी जाणारा कुणी असतो का, हे एकदा आपण आपल्याला विचारून पाहू या.